विद्यापीठाची प्रयोगशाळा लोकांसाठी उघडताना : नव्या संयोजकांसाठी मार्गदर्शक

दर वर्षी फेब्रुवारी जवळ आला की विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या विज्ञान विभागात एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे अथवा संशोधक विद्यार्थ्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिनाचे काम सोपवले जाते, आणि बहुतेक वेळा त्या व्यक्तीने असे काम पूर्वी कधी केलेले नसते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधाची घोषणा झाली. तिच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी किंवा त्याच्या आसपास अनेक संस्था आपले दरवाजे सर्वसामान्य लोकांसाठी उघडतात. असा खुला दिवस पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवावे

विभागाच्या पहिल्या बैठकीत सहसा बॅनर, पाहुणे आणि चहापान यांवर चर्चा सुरू होते. ती थोडा वेळ थांबवून, येणारी माणसे नेमकी कोण असावीत, हा प्रश्न सर्वांसमोर ठेवावा. परिसरातल्या शाळांमधली मुले, आपल्याच विद्यार्थ्यांचे पालक, शेजारच्या वस्तीतले रहिवासी, निवृत्त नागरिक आणि हौशी अभ्यासक या सर्वांसाठी एकच कार्यक्रम सारखाच उपयोगी पडत नाही. पहिल्या वर्षी एक मुख्य गट निवडावा आणि इतरांचे स्वागत करावे, परंतु मांडणी त्या मुख्य गटाच्या दृष्टीने करावी. माझ्या मते नवख्या संयोजकांसाठी पाचवी ते नववीची मुले आणि त्यांच्याबरोबर येणारी मोठी माणसे हा सर्वांत चांगला गट आहे, कारण मुले प्रश्न विचारायला लाजत नाहीत आणि मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ऐकता ऐकता मोठ्यांनाही आपली शंका काढण्याचे निमित्त मिळते.

हेतूच्या बाबतीतही स्पष्टता हवी. उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तार कार्याला, म्हणजे समाजासाठी केलेल्या उपक्रमांना, स्थान असल्यामुळे अहवालात भरायला छायाचित्रे आणि हजेरीपट मिळावेत, एवढ्याच उद्देशाने कार्यक्रम केले जातात, आणि ते तसे केले आहेत हे आलेल्या माणसांना पाच मिनिटांत कळते. लोक विद्यापीठात येतात ते अन्यत्र न मिळणाऱ्या दोन गोष्टींसाठी: खरे चालू असलेले उपकरण आणि ते स्वतः वापरणारा माणूस. माहितीफलकावरची माहिती त्यांना घरी बसून मोबाइलवर वाचता येते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या गावांतून हजारो माणसे येतात, ती या प्रचंड अँटेना जवळून पाहायला आणि तिथल्या माणसांशी बोलायला. आपल्या विभागात एवढे मोठे काही नसेल, पण एखादा चांगला सूक्ष्मदर्शक, वर्णपटमापक, हवामानाच्या नोंदी घेणारे केंद्र, वनस्पतींचा वाळवून जपलेला संग्रह किंवा खडकांच्या पातळ चकत्या नक्कीच असतील.

तारीख आणि परवानग्या

तारीख ठरवताना शालेय वेळापत्रक समोर ठेवावे. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि दहावीची तिच्या मागोमाग येते, त्यामुळे या दोन इयत्तांची मुले आणि परीक्षेच्या कामात गुंतलेले त्यांचे शिक्षक सहसा येऊ शकत नाहीत. शाळांच्या वर्गवार सहलींसाठी कामाचा दिवस सोयीचा असतो, तर कुटुंबांसाठी रविवार. एकाच दिवशी दोन्ही साधण्याच्या प्रयत्नात मनुष्यबळ अपुरे पडते. म्हणून शक्य असल्यास शनिवारी शाळा आणि रविवारी सकाळी सर्वांसाठी प्रवेश, असे दोन भाग करावेत. २८ तारखेचा फार आग्रह धरू नये.

परवानग्यांचे काम किमान दीड-दोन महिने आधी हाती घ्यावे. विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडे अर्ज जातो आणि त्याच्या प्रती सुरक्षा विभाग, मालमत्ता विभाग व आरोग्य केंद्राला द्याव्या लागतात. अर्जात अपेक्षित संख्या, वेळ, वापरात येणाऱ्या खोल्या, वाहनतळ आणि ध्वनिक्षेपक यांचा स्पष्ट उल्लेख असावा. अनुदान हवे असल्यास आणखी आधी हालचाल करावी लागते, कारण केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून राज्यांच्या विज्ञान परिषदांमार्फत मिळणारे साहाय्य ठरावीक मुदतीत केलेल्या अर्जांनाच मिळते. खर्चाच्या बाबतीत माझा अनुभव असा की मांडव, पाणी, शौचालयांची स्वच्छता आणि स्वयंसेवकांचे जेवण या चार गोष्टींवर हात आखडता घेऊ नये; स्मृतिचिन्हे आणि छापील पत्रिका खुशाल वगळाव्यात.

काय दाखवायचे

नव्या संयोजकांची प्रवृत्ती शक्य तितके जास्त प्रयोग मांडण्याकडे असते. तीस टेबलांवर तीस प्रयोग मांडले, तर प्रत्येक टेबलापाशी एक घाबरलेला विद्यार्थी पाठ केलेली चार वाक्ये म्हणत राहतो आणि मुले एका टेबलाकडून दुसऱ्याकडे धावत जातात. त्यापेक्षा आठ-दहा प्रयोग नीट निवडावेत. निवडीच्या वेळी तीन गोष्टी तपासाव्यात: पाहुण्याला स्वतःच्या हाताने काही करता येते का, प्रयोगाचा निकाल त्याला आधी चुकीचा वाटेल अशी काही शक्यता आहे का, आणि त्याचा विभागात प्रत्यक्ष चालू असलेल्या संशोधनाशी संबंध जोडता येतो का.

हे तिन्ही साधणारे एक उदाहरण सविस्तर देतो. संगीताची जुनी सीडी कोणाच्याही घरी सापडते. लाल लेझर पॉइंटर मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पक्का बसवावा, त्याच्यासमोर मधोमध भोक पाडलेला पांढरा पडदा ठेवावा आणि भोकातून जाणारा किरण पडद्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावरच्या सीडीवर सरळ पडेल अशी रचना करावी. परत आलेल्या प्रकाशाचे ठिपके पडद्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना उमटतात. किरणाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल, तर पहिला ठिपका भोकापासून सुमारे ११ सेंटिमीटरवर मिळतो. आठवी-नववीच्या मुलाच्या हाती पट्टी देऊन हे अंतर मोजायला लावावे आणि आधीच तयार ठेवलेल्या तक्त्यावरून सीडीवरच्या दोन शेजारच्या रेषांमधले अंतर वाचायला सांगावे. उत्तर १.६ मायक्रोमीटरच्या जवळ येते. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या शालेय पट्टीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पातळीवरचे अंतर मोजता येते, यावर आधी कोणाचा विश्वास बसत नाही. त्यानंतर सीडीच्या जागी डीव्हीडी ठेवली की तोच ठिपका ४५ सेंटिमीटरच्या पुढे सरकतो, म्हणून खोके पुरेसे रुंद घ्यावे. ठिपका का सरकला, हे मुलांनाच विचारावे, आणि डीव्हीडीवर रेषा अधिक दाट असाव्यात हे त्यांच्यापैकी कोणीतरी सांगेपर्यंत थांबावे. इथून स्फटिकातील अणूंची रचना क्ष-किरणांनी कशी ओळखतात, हा विषय एका पावलावर असतो, आणि विभागात क्ष-किरण विवर्तनाचे उपकरण असेल तर ते पुढच्याच खोलीत दाखवता येते.

रसायनशास्त्राच्या विभागांनी रंग बदलणाऱ्या द्रवांपलीकडे जावे, अशी माझी सूचना आहे. हळद आणि चुन्याची निवळी यांचा प्रयोग मुलांनी शाळेत केलेला असतो. त्याऐवजी त्यांनी घरून आणलेल्या विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याचा कठीणपणा तपासून दिला, तर घरातली मोठी माणसेही टेबलापाशी थांबतात. पाण्याचा नमुना कसा आणावा, हे निमंत्रणातच लिहावे. जीवशास्त्रात कांद्याच्या सालीपेक्षा साचलेल्या पाण्याचा थेंब अधिक वेळ माणसांना धरून ठेवतो, कारण त्यात काहीतरी हलत असते.

कमी खर्चाच्या खेळण्यांमधून विज्ञान शिकवण्याची परंपरा पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने चांगलीच रुजवली आहे. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि जुन्या चपलांचे तळवे एवढ्या साहित्यावर एक कोपरा चालवता येतो, आणि बनवलेली वस्तू मूल घरी नेऊ शकते. हा कोपरा मार्गाच्या शेवटी ठेवावा. सुरुवातीला ठेवल्यास मुले पुढे सरकतच नाहीत.

समजावून सांगणारी माणसे

कार्यक्रमाचे यश बहुतांशी येथे ठरते, आणि तयारीचा सर्वांत कमी वेळ येथेच दिला जातो. प्रत्येक प्रयोगासाठी किमान दोन स्वयंसेवक नेमावेत आणि दर दीड तासाने त्यांना विश्रांती मिळेल अशी पाळी लावावी, कारण एकच गोष्ट साठ वेळा सांगितल्यावर आवाज आणि उत्साह दोन्ही बसतात. स्वयंसेवकांना प्रयोगाचे तीन प्रकारे निवेदन करता यायला हवे: अर्ध्या मिनिटात, तीन मिनिटांत आणि खोलात शिरू पाहणाऱ्या माणसासाठी दहा मिनिटांत. कोणासमोर कोणता प्रकार वापरायचा, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखण्याची सवय रंगीत तालमीतच लागते.

रंगीत तालीम प्राध्यापकांसमोर घेऊ नये. प्राध्यापक सूत्रातली चूक दुरुस्त करतात आणि स्वयंसेवक अधिकच अवघड बोलू लागतो. विभागातले शिपाई, वसतिगृहाच्या खानावळीतले काका, ग्रंथालयातल्या मावशी, कला शाखेतले मित्र यांना बोलवावे आणि ऐकून झाल्यावर त्यांना काय समजले, ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगावे. जिथे ते अडखळतात तिथे निवेदन दुरुस्त करावे. पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत झालेल्या मुलांना आपला विषय मराठीत सांगताना पहिल्या दिवशी फार त्रास होतो. त्यांनी फोटॉन, लेझर, डीएनए असे शब्द तसेच ठेवून वाक्ये मात्र साध्या मराठीत बोलावीत. परिभाषा कोशातला शब्द मुलांना पाठ्यपुस्तकामुळे ओळखीचा असेल तर तो जरूर वापरावा, पण पालकांशी बोलताना त्याचा अर्थही लगेच सांगावा. परप्रांतातून आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांना वगळू नये. त्यांच्यासोबत मराठी बोलणारा जोडीदार दिला की मुलांना हिंदी-मराठीतली ती जुगलबंदी फार आवडते.

स्वयंसेवकांना एक गोष्ट निक्षून सांगावी, ती म्हणजे आधी विचारावे आणि मग सांगावे. "दोन्ही बाटल्या उतारावरून सोडल्या तर आधी कोणती खाली पोहोचेल?" असे विचारून मुलांना हात वर करायला लावले आणि मग बाटल्या सोडल्या, तर निकालाची उत्सुकता त्यांची स्वतःची होते. उत्तर माहीत नसेल तर "मला माहीत नाही, पण ते कोणाला माहीत असेल ते मी तुला दाखवतो" असे म्हणण्याची पूर्ण मुभा त्यांना द्यावी. लहान मुलांशी बोलताना खाली बसून बोलावे. शिक्षक किंवा पालक मुलाच्या वतीने उत्तर देऊ लागले, तर नम्रपणे पुन्हा मुलाकडे वळावे.

शाळांना बोलावणे

शहरातल्या नामांकित शाळा निमंत्रणाशिवायही येतात. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळा आणण्यासाठी मात्र प्रयत्न करावा लागतो. गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांना प्रत्यक्ष भेटून पत्र द्यावे, कारण मुख्याध्यापकांना मुले शाळेबाहेर नेण्यासाठी त्यांची संमती लागते. प्रवासखर्च हा खरा अडथळा असतो. एसटी महामंडळाची बस प्रासंगिक करारावर मिळते. तिचा खर्च विभागाने उचलावा किंवा माजी विद्यार्थ्यांकडून मिळवावा. पालकांचे संमतिपत्र, मुलांची यादी आणि दर पंचवीस मुलांमागे किमान एक शिक्षक, या तीन गोष्टींची खात्री आदल्या आठवड्यात फोनवर करून घ्यावी. त्या दिवशी मुलांचे शाळेतले दुपारचे जेवण बुडते, म्हणून जेवणाची सोय आपल्याकडे असावी.

गर्दीचे गणित आणि सुरक्षितता

प्रयोगशाळेत एका वेळी २५ माणसे मावत असतील आणि प्रत्येक गटाला १५ मिनिटे द्यायची असतील, तर तासाला १०० आणि सहा तासांत ६०० माणसे ती खोली पाहू शकतात. या आकड्यापेक्षा जास्त निमंत्रणे देऊ नयेत. सर्वांसाठी खुल्या असलेल्या दिवशी प्रवेशद्वारापाशी वेळ लिहिलेले टोकन द्यावे, म्हणजे लोक रांगेत न ताटकळता मांडवातले प्रयोग पाहू शकतात. मार्ग एकाच दिशेने जाणारा असावा, आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार वेगळे असावे, आणि जिन्याने जाऊ न शकणाऱ्यांसाठी महत्त्वाचे प्रयोग तळमजल्यावर मांडावेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी गर्दी हाताळण्यात सहसा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपेक्षा तरबेज असतात.

द्रवरूप नायट्रोजन लोकप्रिय आहे, पण त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो, त्यामुळे बंद खोलीत प्राणवायूचे प्रमाण घटू शकते. हा प्रयोग उघड्यावर किंवा हवेशीर जागी, चष्मा व हातमोजे घातलेल्या अनुभवी व्यक्तीनेच करावा, प्रेक्षकांना दोरीच्या मागे ठेवावे आणि त्यात बुडवलेला कोणताही खाद्यपदार्थ कोणाला खायला देऊ नये. लेझर कमी शक्तीचा असावा, तो टेबलाला बांधलेला असावा आणि किरण खोक्याच्या आत राहावा, कारण टेबलाची उंची म्हणजे लहान मुलाच्या डोळ्यांची उंची असते. उच्च दाबाची स्थिर वीज तयार करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ जनित्राजवळ पेसमेकर बसवलेल्यांनी येऊ नये, अशी मोठ्या अक्षरांतली पाटी लावावी. पाऱ्याचा वापर टाळावाच.

व्याख्यान ठेवायचे असल्यास

मराठी समाजाला व्याख्यानांची गोडी जुनी आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली, आणि गोव्यात कला अकादमीत होणाऱ्या डी. डी. कोसंबी विचार महोत्सवालाही मोठी गर्दी असते. तरीही खुल्या दिवशी एकापेक्षा अधिक व्याख्याने ठेवू नयेत. चाळीस मिनिटे भाषण आणि किमान वीस मिनिटे प्रश्नोत्तरे, अशी वाटणी वक्त्याला आधीच लेखी कळवावी. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांत अर्धा तास गेला की तो प्रश्नोत्तरांतूनच कापला जातो, हे अध्यक्षांना कोणीतरी आदराने पण स्पष्टपणे सांगायला हवे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था २००९ पासून पृथ्वी थिएटरात 'चाय अँड व्हाय?' हा कार्यक्रम रविवारी सकाळी करत आली आहे; तेथील अनौपचारिक गप्पांची पद्धत एकदा जाऊन पाहण्यासारखी आहे.

आकाशदर्शन वेगळ्या दिवशी

विज्ञान दिनाच्या संध्याकाळी आकाशदर्शनही ठेवण्याचा मोह होतो, पण चंद्र आपल्या सोयीने येत नाही. पौर्णिमेला लोक उत्साहाने येतात आणि दुर्बिणीतून त्यांना चकचकीत सपाट तबकडी दिसते. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या सुमारास मात्र प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या लांब पडल्यामुळे विवरे स्पष्ट दिसतात. म्हणून ही संध्याकाळ तिथी पाहून स्वतंत्रपणे ठरवावी. एका माणसाला दुर्बिणीपाशी सुमारे एक मिनिट लागतो, म्हणजे ३०० माणसांना दोन तासांत चंद्र दाखवायचा तर तीन दुर्बिणी हव्यात. एवढ्या दुर्बिणी विभागात नसतील तर हौशी संस्थांची मदत घ्यावी. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईत खगोल मंडळ अनेक वर्षे हे काम करत आहे. दिवसा सूर्यावरचे डाग दाखवायचे असतील तर सूर्यासाठीची खास गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवावी, तिला जोडलेल्या लहान शोधक दुर्बिणीवर झाकण घालावे आणि दुर्बीण एक क्षणही एकटी सोडू नये.

अवघड प्रश्न आले तर

ग्रहणात जेवावे की नाही, पत्रिकेत मंगळ असेल तर काय, अमुक औषधाने मधुमेह बरा होतो का, असे प्रश्न हमखास येतात. प्रश्न विचारणाऱ्याची टिंगल केली की तो आणि त्याच्यासोबतचे सर्व जण कायमचे दुरावतात. येथे पद्धतीविषयी बोलणे सर्वांत उपयोगी पडते. फलज्योतिषाच्या बाबतीत जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात २००८ साली केलेल्या चाचणीची माहिती सांगावी. त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या; त्यांपैकी १०० मुले हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली होती. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवून मिळेल तेवढेच. चाचणी कशी आखली होती हे सांगून थांबावे आणि तशी चाचणी आपण स्वतः कशी आखू, असे समोरच्यालाच विचारावे. औषधोपचाराच्या प्रश्नांवर सल्ला देऊ नये. डॉक्टरांकडे जायला सांगावे.

कार्यक्रम संपल्यानंतर

त्याच संध्याकाळी, सामान आवरण्यापूर्वी, सर्व स्वयंसेवकांना वीस मिनिटे एकत्र बसवून दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या टेबलापाशी लोक थांबले, आणि कोणता प्रश्न सर्वाधिक वेळा आला. आठवड्यानंतर घेतलेल्या बैठकीत या गोष्टी कोणाला आठवत नाहीत. अभिप्रायाची वही ठेवली तर तीत "कार्यक्रम छान होता" एवढेच लिहिले जाते. त्याऐवजी एक प्रश्नपेटी ठेवून न सुटलेला प्रश्न, नाव आणि शाळेचा पत्ता लिहायला सांगावे, मुलांचे घरचे पत्ते किंवा मोबाइल क्रमांक मागू नयेत. नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून ते परत पाठवत. आपल्या पेटीतल्या प्रश्नांनाही महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर लेखी उत्तरे जावीत, आणि ती ज्या संशोधकाचा तो विषय आहे त्यानेच लिहावीत.

आलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आभाराचे पत्र आणि मुले ओळखता येणार नाहीत अशी छायाचित्रे पाठवावीत. चेहरे दिसणारी छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही प्रसिद्ध करू नयेत. चालू स्थितीतली उपकरणे, त्यांच्या जोडणीचे आराखडे, तीन प्रकारची निवेदने, विक्रेत्यांचे दर आणि परवानगीच्या अर्जांच्या प्रती एका धारिकेत लावून ती विभागाच्या कार्यालयात ठेवावी, कारण पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्याच कोणाकडे जाईल. ज्या शाळेच्या शिक्षकांनी दिवसअखेर थांबून प्रश्न विचारले असतील, त्यांना जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर पुन्हा फोन करावा आणि महिन्यातून एका शनिवारी दहा-बारा मुलांनी विभागात यावे, असे सुचवावे. त्यासाठी मांडव, पाहुणे, बॅनर यांपैकी काहीच लागत नाही.